दोन बुटांमधला दगड

आमच्या सेक्टरच्या बागेतल्या जवानाचे दोन्ही बूट उजव्या पायाचे आहेत. ही गोष्ट सगळ्यात आधी मी पाहिली आणि आजतागायत माझ्याशिवाय ती कोणाला दिसलेली नाही. उद्घाटनाच्या दिवशी मी सोसायट्यांच्या फेडरेशनच्या अध्यक्षांच्या कानात सांगितलं, तर ते म्हणाले, "नंदकुमार, आज तरी नको." म्हणजे पुतळा चुकलाय याचा त्रास नाही, मी पाहिलं याचा त्रास.

माणसं बघत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. मी चौतीस वर्षं एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात काढली. समोरचा माणूस रडतोय म्हणून तो खरं बोलतोय असं समजायचं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. जिवंत माणसांच्या मृत्यूचे दाखले मी पाहिलेत. एकदा तर मेलेल्या माणसाने स्वतः येऊन चौकशी केली होती, चेहऱ्याला मफलर गुंडाळून. माझी बायको सुचित्रा म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागाल." मागेन. त्यात गैर काय आहे? यावर ती माझ्या कलप लावलेल्या केसांकडे बघते आणि म्हणते, "आणि देवाने तुमच्या जन्मतारखेचा पुरावा मागितला तर?"

सीवूड्समधल्या आमच्या अकरा सोसायट्यांनी मिळून हे स्मारक उभं केलं. जवान तळोज्याच्या एका वर्कशॉपमध्ये ओतून आणला. मान खाली, बंदूक उलटी, दोन्ही हात तिच्या दस्त्यावर. खाली काळ्या ग्रॅनाइटवर नावं. स्मारक समितीचा सचिव मी, तेव्हा नावांची यादीही माझ्याकडेच आली. चार घरांनी कागद आणले. सैन्याची पत्रं, दाखले, पदकाचे फोटो. एकेक कागद मी उजेडात धरून पाहिला. चारही खरे निघाले आणि चार नावं कोरली गेली.

त्याच यादीसाठी, उद्घाटनाच्या दीडेक वर्ष आधी, पाचवं नाव घेऊन मालतीबाई आल्या होत्या.

आमच्या सेक्टरच्या मागे खाडीकाठचं जुनं गाव आहे. आज आमच्या इमारती आहेत तिथे त्या गावाची शेतं आणि मिठागरं होती. गावकरी हे विसरलेले नाहीत आणि आपल्यालाही विसरू देत नाहीत. मालतीबाई सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, लुगड्याचा घट्ट काष्टा घातलेल्या. सोसायटीच्या ऑफिसात त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. उभ्यानेच त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. गणवेशातला विशीचा मुलगा, कान मोठे, टोपी जरा सैल.

"माजा भाव हाय, वामन. एकात्तरचे लढाईन गेला. त्याचा पन नाव लिवा, साहेब."

"सैन्याचं पत्र आहे?"

"तार आली व्हती. वालवीनी खाल्ली."

"मृत्यूचा दाखला?"

"मेला कवा ते कोनाला ठावं? बेपत्ता लिवलेला तारेन."

बेपत्ता! आमच्या खात्यात या शब्दाइतका संशयास्पद शब्द दुसरा नव्हता. मी फोटो त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "कागद आणा, मावशी. कागदाशिवाय नाव लागत नाही."

त्या भांडल्या नाहीत. फोटो पदराने पुसला, "बरा साहेब," म्हणाल्या आणि गेल्या. मला तेही खटकलं. खरा हक्क असलेला माणूस भांडतो, आवाज चढवतो, टेबलावर हात आपटतो. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर पांढऱ्या गाडीत त्यांचा नातू तेजस बसला होता. गळ्यात सोन्याची साखळी, डोळ्यांवर गॉगल. गावठाणात त्याने तीन इमारती उठवल्यात. आणि बागेची जागा कोणाची होती म्हणता? मालतीबाईंच्या वडिलांच्या शेताची. मी जुना नकाशा काढून पाहिला होता. मला आणखी काय हवं होतं?

उद्घाटन सव्वीस जानेवारीला झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो दगड आला.

मी रोज पहाटे बागेत चालतो आणि पाचवी फेरी झाली की जवानाकडे एकदा नीट बघतो. त्या दिवशी त्याच्या दोन्ही उजव्या बुटांच्या मधोमध एक काळा दगड होता. लिंबाएवढा, गुळगुळीत. दगड ओला होता आणि भोवतीचा चौथराही. वर चार काळे तीळ चिकटलेले.

मी घरी येऊन सुचित्राला सांगितलं, "सुरुवात झाली."

"कसली?"

"देऊळ होणार तिथे. आज दगड, उद्या त्याला शेंदूर, परवा घंटा, मग पत्र्याची शेड. एकदा शेड पडली की कोणाच्या बापाची हिंमत आहे हलवायची? गावाबाहेरच्या नाक्यावर असंच झालं. पिंपळाखाली एक दगड होता, आता तिथे लग्नं लागतात."

सुचित्रा पोह्यांवर खोबरं भुरभुरत होती. तिचा हात थांबला. "पण तीळ? देवाला काळे तीळ कोण वाहतं हो?"

"वाहत असतील त्यांच्यात."

"आणि शेंदूर नाही?"

"येईल," मी म्हणालो आणि पोहे ओढून घेतले. ती आणखी काही बोलणार होती, पण माझा चेहरा बघून गप्प बसली. आज वाटतं, तिने तेव्हा माझ्या हातातली बशी काढून घेऊन मला ते ऐकवायला हवं होतं.

पुढचे पाच दिवस मी पाळत ठेवली. शेंदूर आला नाही. रोज दगड ओला, रोज ताजे तीळ. सहाव्या दिवशी मी अर्धा तास लवकर गेलो आणि बोगनवेलीच्या कुंपणाआड उभा राहिलो. साडेपाचला मालतीबाई आल्या, हातात तांब्या. चपला चौथऱ्याखाली काढल्या, दगडावर पाण्याची धार धरली, कनवटीचे तीळ सोडले. ओठ हलत होते. मग त्यांनी जवानाच्या बुटावर हात ठेवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. फाटकाशी पांढरी गाडी, आत तेजस.

मला वाटलं, वा! आजीला पुढे करायचं आणि आपण गाडीत बसायचं. म्हाताऱ्या बाईला कोण हटकणार?

तरीही मी घाई केली नाही. पुरावा पूर्ण झाल्याशिवाय दावा फेटाळायचा नाही, ही माझी सवय. तो पुरावा दोनच दिवसांत तेजसने आपल्या हाताने दिला. संध्याकाळी पोरं खेळत असताना तो बागेत आला, खिशातून टेप काढली आणि चौथऱ्याची मापं घेतली. लांबी, रुंदी, ग्रॅनाइटच्या पाटीखालची मोकळी जागा. मोबाइलमध्ये आकडे टिपले आणि फोटोही काढले. मी समोरच्या बाकावर पेपर वाचत होतो. जाताना तो माझ्याकडे बघून हसला. "काय काका, निवांत?"

"निवांत कसला," मी म्हणालो. माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेत गेलो. बाग अकरा ते चार बंद असते, पण सुरक्षारक्षक सिताराम मला अडवत नाही. तो जांभळाखाली डबा खात होता. मी त्याला हात केला, चौथऱ्यावर चढलो, दगड उचलला आणि कापडी पिशवीत टाकला. इतका छोटा दगड, पण हाताला फार जड लागला. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

आधी मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकणार होतो. झाकण उघडलंसुद्धा. पण मन धजेना. त्याला तीळ लागले होते, कोणीतरी त्याच्यापुढे ओठ हलवले होते. देवाचा असेल तर पाण्यात गेलेला बरा, उगाच आपल्या डोक्यावर नको, असं म्हणत मी खाडीच्या बांधावर गेलो. लांबवर चिखलात रोहित पक्षी उभे होते. पायऱ्यांवरून खाली उतरलो, दगड पाण्यात सोडला, सवयीने हात जोडले आणि मागे वळून न बघता घरी आलो. जेवलो. झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालतीबाई चौथऱ्याभोवती गुडघ्यांवर होत्या.

तांब्या कलंडला होता. त्या एकेका झुडपाखाली हात घालून चाचपत होत्या. पालापाचोळा दूर करत होत्या, हाताला आलेला प्रत्येक खडा डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या आणि परत ठेवत होत्या. ओरडत नव्हत्या, कोणाला शिव्याही देत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर मी तिथून सरळ चालता झालो असतो.

ओरडत होता तेजस. त्याने सितारामला जवानाच्या समोर उभं केलं होतं. "बागेत रात्रंदिवस कोण असतं? तूच ना? मग दगड काय चालत गेला? बोल! तुझ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावतो, आजच घरी बसवतो तुला!"

 सितारामने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी पिशवी घेऊन उतरताना त्याने पाहिलं होतं, हे त्या नजरेत स्पष्ट होतं. मी समितीचा सचिव आणि तो कंत्राटी माणूस, म्हणून तो गप्प होता, हेही स्पष्ट होतं. मला शरम वाटली. पण शरमेपेक्षा राग मोठा होता आणि मी तोच पुढे केला.

"त्याच्यावर काय डाफरतोस?" मी तेजसला म्हणालो. "आधी हे सांग, या जागेत तुझं काय आहे? मापं कसली घेत होतास? शेड टाकायचीय?"

तो माझ्याकडे वळला. "कसली शेड?"

"मी पेपर वाचत नव्हतो त्या दिवशी."

"काका, तुमीच तर बोललेले, कागद आणा." त्याने गाडीकडे हात केला. "दीड वर्षं झाली आजीला घेऊन फिरतोय. जिल्ह्याचं सैनिक ऑफिस, मग तिकडून पुन्याला, मग रेजिमेंटच्या रेकॉर्डला लेटर. आता गेल्या हप्त्यात आला जवाब. तुमच्याकडे द्यायलाच येनार होतो. पाटीच्या खाली एक लाइन बसते का, म्हनून माप घेतला. बोललो, जागा नाय असा परत बोलायला नको तुमी."

त्याने गाडीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला कागद आणला. मी तो उजेडात धरला. हात आपोआप वर गेले. शिक्का होता, क्रमांक होता. नाव वामन, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा ठाणे. डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता, युद्धात मृत मानण्यात येत आहे. कागद अस्सल होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कागद खोटा निघायला हवा होता.

"आणि दगड?" मी विचारलं. 

उत्तर मालतीबाईंनी दिलं. त्या चौथऱ्याला टेकून खाली बसल्या होत्या, तळवे मातीने माखलेले.

"जीवखडा हाय तो, साहेब."

मी त्यांच्या शेजारी बसलो. जीवखडा! माझ्या स्वतःच्या वडिलांचा मी या दोन हातांनी सोडलाय. चितेभोवती फिरताना ज्या खड्याने मडकं फोडतात, तोच दहा दिवस मेलेल्याच्या जागी मानायचा. त्याला पाणी द्यायचं, तीळ द्यायचे, दहाव्याला पाण्यात सोडायचा. काळे तीळ! सुचित्राने विचारलं होतं. चौतीस वर्षं नजरेची बढाई मारणाऱ्याला समोरचे काळे तीळ वाचता आले नाहीत.

"मढा तं आलाच नाय," मालतीबाई सांगत होत्या. "सात वर्सांनी भावकी बोलली, असा ठेवाचा नाय. दर्भाचा बाहुला केला न् जाळला. आई बोलली, जाळला तो बाहुला, माजा पोर नाय. दहाव्याला खडा खाडीन सोडाचा, तं तिनी तो पदरान लपवला न् दुसराच दगड सोडू दिला. कोनाला कळला नाय. मना मरताना सांगितला. तांदळाचे डब्यान असाचा. आई व्हती तवर तिनी, मग मी पानी दिला." त्यांनी वर जवानाकडे बघितलं. "हितं चौघं हायत. बोलली, त्यांचे सोबत राहूदे चार दिस. नाव लागला का मग माजे हातानी सोडीन. एकदा हातान घ्याचा व्हता न् सोडाचा व्हता."

सिताराम खाली बघत होता. तेजसने पुन्हा त्याचा खांदा धरला होता.

"त्याला सोड," मी तेजसला म्हणालो. "मी नेला दगड."

एवढं बोलायला मला केवढा जोर लावावा लागला! तेजस माझ्या अंगावर आला. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं, पण मालतीबाईंनी नुसता हात वर केला आणि तो जागीच थांबला.

"कुटं टाकलास?"

साहेब गेला होता, अहो-जाहो गेलं होतं. मी म्हणालो, "खाडीत. बांधाच्या पायऱ्यांवरून."

"फेकलास?"

"नाही. खाली उतरून पाण्यात सोडला."

"हात जोडलेस?"

"जोडले."

"मागारी बगलास?"

"नाही."

त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी हजारो लोकांना प्रश्न विचारले होते, पण असे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. माझ्या उत्तरांवर कोणाचा तरी भाऊ अडला होता. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"भरती व्हती का सुकती?"

हे मात्र मी पाहिलं होतं. मी सगळं बघतो, मला सवयच आहे. "ओहोटी लागली होती. पायऱ्या तीन हात ओल्या होत्या. पाणी पुलाकडे चाललं होतं, बाहेर."

"म्हंजे गेला," त्या म्हणाल्या.

मग त्या रडल्या. तोंडावर पदर घेऊन, पुढे-मागे डुलत, पंधरा वर्षांच्या पोरीसारख्या. मी तिथेच बसून होतो.  माफी मागितली, पण ती इतकी तोकडी होती की त्यांनी ऐकली की नाही, तेही कळलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. राग गेला नव्हता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

"माजे हातचा घेतलास तू," त्या म्हणाल्या. "त्या मना आता भेटनार नाय. पन खडा सोडतो तो घरचाच अस्तो. परक्यानी सोडला असा व्हत नाय. आईनी नाय सोडला, मी नाय सोडला, तू सोडलास. म्हंजे त्याची क्रिया तू केलीस."

"मी काय करू, मावशी?"

"मावशी कनची? वामनचा भाव झालास तं मी तुजी बहीन." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "जो क्रिया करतो तो डोका करतो. कागदान लिवलेला नस्ता त्या."

त्यांनी तांब्या उचलला आणि फाटकाकडे निघाल्या. तेजस माझ्याकडे धड न बघता म्हणाला, "पाटीचं काय करायचं ते बघा, काका." जाताना तो सितारामच्या पाठीवर हात ठेवून गेला. मी सितारामची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुम्ही बोललात तरी." हे 'तरी' मला अजून बोचतं.

त्याच दिवशी मी अध्यक्षांना फोन केला आणि त्यांच्याकडून पाचव्या नावाची मंजुरी घेतली. त्यांनी विचारलं, "कागद तपासलेत ना?" मी म्हणालो, "हो." त्यात खोटं काही नव्हतं, तरी मला त्या प्रश्नाचं फार वाईट वाटलं.

सुचित्राला सगळं सांगितलं. तिने मला चिडवलं नाही. "तेव्हा मीच गप्प बसायला नको होतं," एवढं म्हणाली आणि माझा पंचा काढून दिला.

आमच्या इमारतीखालचा श्यामसुंदर गेली बारा वर्षं माझे केस कापतो, कलपही तोच लावतो. खुर्चीत बसून मी म्हणालो, "सगळे काढ."

"सगळे?" त्याने वस्तरा हातात घेतला, पण चालवला नाही. "अरेरे. कोण गेलं साहेब?"

"भाऊ."

"तुम्हाला भाऊ होता? कधी बोलला नाहीत." त्याने माझ्या डोक्यावर पाणी मारलं. "कधी गेले?"

"एकाहत्तर साली."

 आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, डोळे बारीक करून. ती नजर मी ओळखतो, चौतीस वर्षं तीच माझी नजर होती. मग त्याने हलकेच माझी मान पुढे वाकवली आणि वस्तरा लावला. कागद त्याने मागितला नाही.